वीतभर कोरी जागा

आप्पा दगडावरची अक्षरं डोळ्यांनी वाचत नसत, बोटानं वाचत. देवळाच्या पायरीवरचं देणगीदाराचं नाव असो, शाळेची कोनशिला असो, नाहीतर नवापूरकडच्या चर्चच्या आवारातला कबरीवरचा दगड असो. ते आधी चष्मा काढून खिशात टाकत, मग उजव्या हाताचं पहिलं बोट अक्षराच्या खोबणीत घालून सावकाश फिरवत. काय लिहिलंय ते त्यांना नंतर कळे. कोणी लिहिलंय ते आधी कळे. "कारागीर चांगला शे, पन घाईमा व्हता," असं म्हणून ते पुढं जात. रस्त्यानं जाताना भिंती चाचपत चालणारा म्हातारा म्हणून गावातली पोरं त्यांना हसायची. मीही हसले होते, पहिल्या दिवशी.

मी आमच्या पाड्यावरची पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळीकडे सांगते, म्हणून इथंही सांगते. बाप गुजरातेत ऊस तोडायला जायचा, आई नवापूरच्या पोल्ट्रीवर मजुरीला. मी तालुक्याच्या गावी मुलींच्या होस्टेलमध्ये राहून मराठी विषय घेऊन बी.ए. झाले. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचंय त्यातली दोन-चार माणसं अजून खुर्चीवर आहेत. होस्टेलच्या फाटकासमोर चौक, चौकाच्या पलीकडं नदीवरचा पूल आणि पुलाच्या तोंडाशी पत्र्याच्या सावलीत आप्पांचं दुकान. दुकान म्हणजे आठ-दहा दगड, बसायला गोणपाट आणि छिन्न्यांची पिशवी.

मी फर्स्ट इयरला होते. एकदा फाटकातून बाहेर पडले तर त्यांनी हातानं बोलावलं. "कॉलेजमा शिकस का बेटा?" मी हो म्हटलं. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं केला. कुठल्या तरी इमारतीच्या उद्‌घाटनाचा मजकूर होता. "वाची दाखाड. मी चौथी शिकनू. अक्षर काढता येस, पन सायेबना कागद माले समजस नही." मी वाचून दाखवला, कोण आधी आणि कोण नंतर ते सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची 'ग्रॅज्युएट' झाले. मी म्हटलं, आप्पा, अजून तीन वर्षं आहेत. ते म्हणाले, "व्हई जाशी. मी आजपाइनच कोरी ठेवस." दगडात कोरून ठेवतो म्हणे.

ते कधी कोणाला शिव्या देत नसत, पण मला टोमणे मारण्याचा त्यांना छंदच होता. मी परीक्षेच्या नोट्स काढत दुकानाच्या सावलीत बसले की म्हणायचे, "लिख लिख. तुन्हा कागद, मन्हा दगड. देखूत कोन टिकस." मी म्हणायचे, कागदावरच सरकार चालतं, आप्पा. तेव्हा मला हे उत्तर फार हुशारीचं वाटायचं.

आप्पा मटण खायचे, मासे खायचे, कोंबडी मात्र नाही. आमच्या बाजूच्या माणसाला याचं नवल वाटणारच. मी एकदा सुट्टीवरून येताना आईनं केलेला रस्सा आणि नागलीच्या भाकरी त्यांच्यासाठी आणल्या. त्यांनी भाकरी घेतली, रश्श्याचा डबा झाकण लावून परत माझ्याकडं सरकवला. मी विचारलं, माळ घातली का? ते म्हणाले, "नही वं माय. एक जनना कोंबडा मन्हाकडे शे. त्याना त्याले देवाना बाकी शे."

मग त्यांनी ते सांगितलं. आप्पा तेव्हा विशी-बाविशीचे होते, बापाच्या हाताखाली दगड घडवायचे. बाजाराचा दिवस होता. वर डोंगरात पाऊस लागला होता आणि दुपारी नदी एकाएकी पुलावरून गेली. खालच्या आळीतली माणसं लेकरं घेऊन छपरांवर चढली. गावातले तिघं दोर घेऊन पाण्यात उतरले: एक एसटीचा ड्रायव्हर, एक शिंपी आणि एक तालमीतला जवान. काठावर बाजाराची गर्दी बघत उभी. तेवढ्यात गर्दीतून एक डोंगरातला माणूस पुढं आला. लंगोटी, डोक्याला फडकं, काखेत लाल कोंबडा. विकायला आणलेला असणार. आप्पा जवळ उभे होते. त्यानं कोंबडा त्यांच्या हातात दिला. "धर, आते येस, अशी म्हनना," आप्पा सांगत. "आनि पानीमा गया."

तीन वेळा तो लेकरं घेऊन परत आला. तिन्ही वेळा कोंबड्याकडं बघून हसला, म्हणजे आहे ना, असं. चौथ्या वेळी दोर बांधलेली भिंतच बसली. चौघंही गेले. तिघांची प्रेतं त्याच संध्याकाळी सापडली, त्याचं तिसऱ्या दिवशी, बरंच खाली. त्याला कोणी ओळखत नव्हतं. गावानं चौघांनाही सारखाच मान दिला, वाजतगाजत नेलं. "नाव सोडीसन सर्वं दिनं," आप्पा म्हणाले. कोंबडा दिवस मावळेपर्यंत त्यांच्या हातातच होता. पुढं तो त्यांच्याच अंगणात म्हातारा होऊन मेला. तो त्यांनी पुरला, आणि त्या दिवसापासून कोंबडी खाल्ली नाही.

पुरानंतर वर्षा-दोन वर्षांनी गावकऱ्यांच्या कमिटीनं चौकात स्मारक उभारायचं ठरवलं. काम आप्पांच्या बापाकडं आलं. कमिटीला वर कमळ हवं होतं. आप्पांचा बाप म्हणाला, कमळाचा इथं काय संबंध, ही माणसं दोरानं गेली. म्हणून काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, त्यावर दीड पुरुष उंचीचा चौकोनी खांब आणि खांबाच्या माथ्यावर दगडातच कोरलेलं दोराचं वेटोळं. पीळ न् पीळ दिसायचा. दोराचं एक टोक खांबावरून नदीच्या बाजूला खाली उतरलेलं होतं. छातीएवढ्या उंचीवर चारही बाजूंनी एक आडवी खोबण, म्हणजे तिथपर्यंत पाणी आलं होतं. ती खोबण आप्पांची कल्पना. म्हणायचे, माणसाला कळलं पाहिजे की इथं उभा असता तर नाकात पाणी गेलं असतं. त्यांची उंची बेताचीच होती.

खांबाच्या चार बाजूंवर चौघं. तीन बाजूंवर बापानं नावं कोरली, बापाच्या नावासकट, आडनावासकट, धंद्यासकट. चौथी बाजू त्यानं पोराला दिली. मजकूर कमिटीनं ठरवलेला होता: 'व एक अनोळखी इसम.' आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या दगडावर कोरलेली अक्षरं ती. मजकूर मधोमध यायला हवा होता, पण त्यांनी तो वर घेतला आणि खाली वीतभर जागा कोरी सोडली. कमिटीनं विचारलं तेव्हा सांगितलं, खालच्या बाजूला दगडात भेग आहे, तिथं छिन्नी लागली तर फुटेल. भेग कुठंच नव्हती. "नाव सापडी तव्हय लागी ना जागा," ते मला म्हणाले. बापाला ते कळलं होतं, तरी त्यानं ती जागा तशीच राहू दिली.

नाव शोधायची त्यांची पद्धत एकच होती. दर बाजाराला डोंगरातून माणसं उतरली की काम बाजूला ठेवून ते रस्त्यावर उभे राहात आणि विचारत, तुमच्याकडचं पुरात कोणी गेलं होतं का? वर्षानुवर्षं विचारलं. उत्तर नेहमी एकच: आमच्यातला कोणी नाही. आप्पांना वाटायचं, तो फार लांबचा असेल, तोरणमाळकडचा, नाहीतर पार गुजरातेतला. मी ऐकलं तेव्हा हसूच आलं. म्हटलं, आप्पा, पांढरी टोपी घातलेला गावातला माणूस रस्त्यात अडवून विचारतोय, तुमच्यातला कोण गायब आहे. फॉरेस्टवाला नाहीतर पोलीसवाला समजूनच माणसं पळणार. आमच्याकडं अशा प्रश्नाला नाही हेच उत्तर असतं, मग प्रश्न कुठलाही असो. त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाले, "हाई माले आजपावत कोनी सांगं नही." म्हणजे एवढी वर्षं त्यांनी विचारलं आणि त्यांच्या विचारण्यानंच उत्तर लपलं.

मी टी.वाय.ला असताना होळीच्या सुट्टीत एका लग्नाला आमच्या पलीकडच्या पाड्यावर गेले होते. तिथं शिवारात मेलेल्या माणसांचे खांब आहेत. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं सागाचा खांब कोरून उभा करतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. त्यानं जन्मात घोडा पाहिला नसला तरी खांबावर घोडा मिळतो. अक्षर एकही नसतं. कोण कोणाचा ते घरच्यांना ठाऊक असतं, बाकीच्यांना कळायची गरज नसते. मी लहानपणापासून असले खांब बघत आले, पण कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले. एका जुन्या खांबावरच्या घोडेस्वाराच्या काखेत कोंबडा होता.

शेजारच्या झोपडीतली मोगी फुई धुणं वाळत घालत होती. फुई म्हणजे आत्या, नात्यानं नाही, गावकीनं. मी विचारलं, हा कोणाचा? ती म्हणाली, "हा माना बाहास." माझा बाप. त्याचं नाव दिवल्या. बाजाराला कोंबडा घेऊन गेला, आला नाही. फुई तेव्हा अंगावर पीत होती. आठ दिवसांनी तिचा काका खाली गावात जाऊन आला. कोणी तरी सांगितलं, असा एक माणूस लोकांची पोरं काढायला पाण्यात गेला आणि राहिला. काका परत आला, खांब करणाऱ्याला म्हणाला, कोंबडा काढ. एवढंच. खाली चौकात त्यांच्या बापासाठी दगड उभा आहे हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते एका पाटीवर गेरूनं रेघा मारत होते. रेघ वाकडी झाली नाही. पूर्ण करून म्हणाले, "कव्हय जावानं?"

बाजाराच्या दिवशी काळी-पिवळीत बसून आम्ही निघालो. आप्पांनी धुतलेली टोपी घातली होती आणि काखेत एक लाल कोंबडा होता. सगळा रस्ता त्यांनी तो खाली ठेवला नाही. ड्रायव्हर म्हणाला, बाबा, टपावर बांधू का? आप्पा म्हणाले, "नही भाऊ, हाई मन्हाकडे धराले देयेल शे." जीपमधली माणसं हसली. जीप सोडून वर चढायला त्यांना दोनदा बसावं लागलं, पण कोंबडा त्यांनी माझ्याकडंही दिला नाही.

फुईच्या अंगणात ते उभे राहिले. फुईला अहिराणी येत होती, बाजारापुरती. आप्पा म्हणाले, "माय, तुन्हा बापनी माले हाऊ धराले दिंता. तो मरी गया, हाऊ दुसरा शे. पन घे." फुईनं माझ्याकडं पाहिलं. मी आमच्या बोलीत सगळं सांगितलं. तिनं कोंबडा घेतला, पंखाखाली हात घालून वजन बघितलं आणि म्हणाली, चांगला आहे. मग आत जाऊन पाणी घेऊन आली. रडलं वगैरे कोणी नाही.

आप्पांनी चष्मा काढला आणि खांबावर बोट फिरवलं. सूर्य, चंद्र, घोड्याची मान. कोंबड्यापाशी बोट थांबलं. लाकूड पावसानं झिजलं होतं. "भारी हात शे," ते म्हणाले. "घाई नही, काई नही." फुईनं विचारलं, तुमच्या दगडावर काय काढलंय? आप्पा म्हणाले, अजून काही नाही, पण काढणार आहे. तुझ्या बापाचं नाव काढणार आहे. ती म्हणाली, काढलं की सांगा, मी येईन, त्याच्या नावानं द्यायला कोंबडा घेऊन येईन.

आता जे लिहायचं ते लिहिणं भाग आहे.

परत येताना जीपमध्ये आप्पा म्हणाले, "सकाळे कोरी टाकस. एक घंटानं काम शे. छिन्नी शे, हात शे, जागा शे." त्यांचे हात तेव्हाच थोडे थरथरायला लागले होते, ते उशीर करायला तयार नव्हते. मी म्हटलं, नाही आप्पा. असं चोरून नको. तो माणूस काही चोर नव्हता. आपण अर्ज करू, ठराव होऊ दे, सगळ्यांसमोर नाव कोरू, फुईला बोलावू. साहेब हार घालतील. माझ्या डोळ्यांसमोर तो कार्यक्रम उभाच होता. खोटं का बोलू, त्या कार्यक्रमात मी माइकवर बोलत होते.

आप्पा म्हणाले, "कोनले इचाराना शे? जागा मीच ठेयेल शे."

मी म्हटलं, कायद्यानं करू. मी आहे ना.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ठीक शे. तू शिकेल शे."

नगरपालिकेला करायचा तो अर्ज मी तीन रात्री लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'कळावे' पर्यंत. एकही खाडाखोड नाही. पुराची हकीकत, खांबाचं वर्णन, फुईचा जबाब, तिच्या अंगठ्यासकट. वर्गातल्या सरांना दाखवला तर ते म्हणाले, असा अर्ज मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. मी तो आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी एक प्रत मागून घेतली, घडी करून छिन्न्यांच्या पिशवीत ठेवली.

पहिलं उत्तर चार महिन्यांनी आलं. सदर इसमाचे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, मृत्यूचा दाखला व रहिवासाचा पुरावा सादर करावा. दिवल्याला आडनाव होतं की नव्हतं ते फुईलाही ठाऊक नव्हतं. मृत्यूचा दाखला कोण देणार? गावानं जाळला तो अनोळखी म्हणून. मी दुसरा अर्ज केला, तिसरा केला. बी.ए. झाले, गावातच एका संस्थेत नोकरीला लागले, तरी अर्ज चालूच. आप्पा माझ्याबरोबर यायचे. बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि बाकामागच्या भिंतीवरची उद्‌घाटनाची पाटी मान न वळवता बोटानं वाचायचे. पाटी त्यांचीच होती. शिपाई विचारायचा, "काय आप्पा, आज परत?" आप्पा म्हणायचे, "ग्रॅज्युएटसंगे उनू." मधे एकदा, पायऱ्या उतरताना, ते म्हणाले, "बेटा, अजून हात चालस." मी म्हटलं, एवढं आलंय आप्पा, आता थोडं थांबा. एवढं म्हणजे काय आलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग चौकाच्या सुशोभीकरणाचं काम निघालं. कारंजं, दिवे, ग्रॅनाइट, फोटो काढायला गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं. जुनं स्मारक काढून नवं बसवायचं होतं. मी धावत इंजिनिअर साहेबांकडं गेले. माणूस वाईट नव्हता. मला बसायला सांगितलं, फाइल मागवली. माझे सगळे अर्ज त्यात ओळीनं लावलेले होते. ते म्हणाले, "ताई, तुमचं लिखाण चांगलं आहे. पण आमची अडचण समजून घ्या. नाव टाकलं तर पुरावा नाही. अनोळखी म्हणून ठेवलं तर तुमचेच सात अर्ज फाइलला आहेत की तो अनोळखी नाही. उद्या कोणी माहिती मागितली तर आम्ही काय सांगायचं? म्हणून वरून ठरलं, वादाची चौथी बाजू घ्यायची नाही. तीन नावं निर्विवाद आहेत. तीन टाकतोय."

मी विचारलं, मी अर्ज केला नसता तर?

ते म्हणाले, "मग जुना मजकूर होता तसा उतरवला असता. तो कोण वाचतं?"

आप्पांना मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. न सांगता आलं असतं, पण मी सांगितले. ते छिन्नीला धार लावत होते. लावत राहिले.

जुना खांब एका सकाळी जेसीबीनं उचलला. आप्पा पुलाच्या कठड्याशी उभे होते. माथ्यावरचं दोराचं वेटोळं आधी निघालं आणि ट्रॉलीत पडताना दोन तुकडे झालं. खांब अख्खाच गेला. आप्पांनी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, कुठं नेतोस? तो म्हणाला, भरावाला. कुठल्या भरावाला, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. पुढं मी शहाद्याच्या रस्त्यावर, नदीकाठी, नव्या प्लॉटांत जिथं जिथं भराव पडला होता तिथं तिथं जाऊन पाहिलं. काळे दगड पुष्कळ होते. सगळे उपडे.

नव्या स्मारकाचं उद्‌घाटन झालं तेव्हा आम्हाला बोलावणं नव्हतं. लाल ग्रॅनाइट, आरशासारखा. तीन नावं मशीननं कापलेली, सोनेरी रंगात. पाण्याची खोबण नाही, दोर नाही. आप्पा आठ दिवसांनी बघायला गेले. चष्मा काढला, बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. त्या अक्षरांमागं हातच नव्हता, कोणाचा म्हणून सांगणार?

त्यानंतर थोड्या दिवसांनी, भर दुपारी, मी ऑफिसात असताना नगरपालिकेच्या त्या शिपायाचा फोन आला. ताई, तुमचे आप्पा चौकात आहेत, लवकर या. मी गेले तेव्हा आप्पा नव्या स्मारकाच्या पायरीवर बसले होते आणि कारंज्याचा वॉचमन त्यांची छिन्न्यांची पिशवी धरून उभा होता. आप्पांनी ग्रॅनाइटच्या नदीकडच्या बाजूला छिन्नी लावली होती. त्यांच्या छिन्न्या आपल्या काळ्या दगडाच्या. या दगडावर त्या घसरल्या. आणि हातात आता तो जोर कुठला? एक उभी रेघ तेवढी निघाली होती, बोटाएवढी, तीही उथळ. छिन्नीचं टोक मोडून पडलं होतं. वॉचमन बिचारा घाबरला होता. म्हणाला, "मॅडम, मन्ही नोकरी जाई." मी त्याला म्हटलं, कोणाला दिसत नाही, जा तू.

आप्पांचा हात रक्ताळला होता. मी ओढणी बांधायला लागले. मला माफी मागायची होती. मी सुरुवात केली, आप्पा, माझ्या अर्जानं...

"अर्ज चांगला व्हता," ते म्हणाले. "एक बी चूक नव्हती." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यांनी पुन्हा दुकान लावलं नाही. सुरतेहून मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला, आणि पावसाळ्याच्या शेवटी तिकडंच ते गेले. मुलगा सामान न्यायला आला तेव्हा म्हणाला, ताई, ही पिशवी तुम्ही ठेवा, त्यांनी सांगून ठेवलं होतं. पिशवीत सहा छिन्न्या होत्या, एक टोक मोडलेली, आणि खाली घडी घातलेली अर्जाची प्रत. घड्यांवर कागद फाटला होता. गावातल्या अर्ध्या दगडांवर ज्यांचा हात आहे त्यांच्या नावाचा दगड कुठंच नाही. आमच्यासारखा खांब त्यांच्यात करत नाहीत. मी कोणाला सांगून करून घ्यावा असं मनात आलं होतं, पण त्यावर काय काढायला सांगू? आणि परवानगी कोणाची घेऊ?

एक काम राहिलं होतं आणि ते मी टाळत होते. दर होळीला घरी गेले की मोगी फुई विचारायची, नाव काढलं का? पहिली काही वर्षं मी सांगितलं, काम चालू आहे. आप्पा गेल्यावर तिनं विचारलं, त्यांनी जाण्याआधी काढलं ना? मी मान हलवली. होय की नाही, ते तिनं तिच्या मनानं घेतलं.

यंदा ती आली. न सांगता, बाजाराच्या दिवशी, काळी-पिवळीतून उतरून सरळ माझ्या ऑफिसात. काखेत कोंबडा. मी तिला चौकात नेलं. कारंजं बंद होतं, पोरं रंगीत अक्षरांपुढं फोटो काढत होती. फुईला वाचता येत नाही, तरी तिनं तिन्ही नावांकडं बोट करून विचारलं, यातलं कोणतं? मी म्हटलं, यातलं नाही. तिला नदीच्या बाजूला घेऊन गेले. तिनं कोंबडा माझ्या हातात दिला. "धर," म्हणाली.

मी तिचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. डोळ्यांना ती दिसत नाही, बोटाला लागते. फुईनं वरून खाली बोट नेलं. पुन्हा वर नेलं. मग रेघेच्या बाजूला चाचपलं, डावीकडं, उजवीकडं, खाली. दगड गुळगुळीत होता.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं. आणि मग तिथंच उभ्याउभ्या तिला सगळं सांगितलं, अर्जासकट.

तिनं ऐकून घेतलं. पदरानं हात पुसला, सूर्याकडं बघून वेळेचा अंदाज घेतला. परतीची जीप भरत आली असणार. माझ्या हातातून कोंबडा घेतला, काखेत नीट बसवला.

"इथं नको," ती म्हणाली, आणि तो परत घेऊन गेली.